गिटारवरचा सा : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

१ जून, रविवार, मिरज

भाच्याची जुनी गिटार आज घरी आली. तो पुण्याला नोकरीला लागल्यापासून ती बहिणीकडे कपाटावर पडून होती. मी २२ वर्षं पेटी वाजवतेय, आमच्या भजनी मंडळाला साथही मीच करते, पण तारेचं वाद्य कधी हातात घेतलं नव्हतं. आता घ्यायचं ठरवलंय. ६ ऑक्टोबरला कोजागिरी आहे. तोवर दोन गोष्टी यायला हव्यात: आठ कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरसमूह) न अडखळता बदलणं, आणि पेंटॅटॉनिक, म्हणजे पाच स्वरांच्या, स्केलचे पाचही पॅटर्न बोटांना पाठ होणं. वेळ रोज अर्धा तास, रात्री साडेनऊला, ओटा आवरून झाल्यावर.

पहिला दिवस तारांची ओळख करण्यात गेला. ट्युनर ॲपवर दिसणारी अक्षरं मला परकी वाटतात, म्हणून गिटार घेऊन पेटीशेजारीच बसले. सगळ्यात जाड सहावी तार ई, म्हणजे आपली पांढरी तीन (पेटीच्या सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी). पाचवी ए, पांढरी सहा. चौथी डी, पांढरी दोन. तिसरी जी, पांढरी पाच. दुसरी बी, पांढरी सात. पहिली पुन्हा पांढरी तीन, सहावीपेक्षा दोन सप्तकं वर. एकेक पडदा पुढे सरकलं की पेटीवरची लगतची पट्टी, काळी-पांढरी दोन्ही धरून. एवढं कळल्यावर निम्मी भीती गेली. फ्रेटला, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्टीला, मी या नोंदींत पडदाच म्हणणार आहे. सतारीला जो शब्द चालतो तो हिलाही चालेल.

५ जून

ई मायनर, ए मायनर, सी. तिन्ही कॉर्ड धरता येतात, वाजत मात्र नाहीत. झंकारली की मधेच एखादी तार ठप्प. भाच्याने फोनवर सांगितलं, "मावशी, सगळ्या तारा एकदम नको छेडू. एकेक तार वाजवून बघ, कुठली मुकी आहे ते शोध."

शोधलं. सीमध्ये अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्यात, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्यात, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्यात. पहिली तार मोकळी वाजायला हवी, पण माझ्या तर्जनीचा खालचा भाग तिला टेकत होता. पेटीवर आपण बोट आडवं ठेवतो, गिटारवर ते टोकावर उभं राहायला लागतं. त्यासाठी अंगठा मानेच्या मागे मध्यावर नेला आणि मनगट थोडं पुढे काढलं. लगेच मोकळी झाली. बोट पडद्याच्या धातूच्या अगदी मागे खेटून ठेवलं की निम्म्या जोरात स्वर लागतो, हेही आजच कळलं. दोन पडद्यांच्या मधोमध दाबायला गेलं की तार झिणझिणते.

डाव्या हाताची नखं कापली. मंगळागौरीला मेंदी काढते तेव्हा उजव्या हाताची चालतील.

११ जून

बोटांची टोकं हुळहुळतात, ते अपेक्षितच होतं. पण रोज पंधरा मिनिटांत हात भरून येतो, हे बरोबर वाटत नव्हतं. स्टीलच्या पट्टीने मोजलं: बाराव्या पडद्यावर सहावी तार पडद्यापासून साडेतीन मिलिमीटर वर. भाचा म्हणाला अडीचच्या आसपास हवी. दोष सगळा बोटांचा नव्हता तर.

१४ जून, शनिवार

सतारमेकरांच्या गल्लीत गेले. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण गावातल्या माणसाला त्याच्या आधीपासून माहीत आहे की तारेच्या वाद्याचं काहीही दुखणं असलं तरी याच गल्लीत यायचं. ज्या चाचांकडे मंडळाचा तानपुरा जातो त्यांच्याचकडे गेले. वर आढ्याला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वाळत टांगलेले, खाली लाकडाच्या भुश्शात बसून चाचा एका घोडीची जव्हारी काढत होते, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून नाद जुळवत होते.

गिटार हातात घेऊन त्यांनी ती डोळ्यापाशी धरली, मानेवरून तिरकी नजर टाकली. "मान सरळ आहे ताई. घोडीवरची ही पट्टी उंच आहे."

तारा सैल करून त्यांनी घोडीच्या खाचेतली पांढरी पट्टी चिमट्याने उपसली. तिच्या तळाशी पेन्सिलीने रेघ मारली, दोन मिलिमीटरवर. मी विचारलं, "उतरवायची एकच मिलिमीटर आहे ना चाचा?"

"तार तिकडे मानेच्या टोकाला नटवर टेकलेली, इकडे घोडीवर. बारावा पडदा बरोबर मध्यात. इथं दोन घासलं तर तिथं एक उतरतं."

काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरून त्यांनी ती पट्टी बोटांच्या चिमटीत उभी धरली आणि एकाच दिशेने ओढत राहिले. दर दहा-बारा ओढींनी उलटी करून उजेडाकडे बघायचे, तळ सपाट आहे ना. तळ जरा जरी गोल झाला तर आवाज लाकडात उतरत नाही, म्हणाले. वीस मिनिटांत काम झालं. तारा चढवून मोजलं तर अडीचला केसभर कमी.

मग त्यांनी एक पडदा नखाने हलवून बघितला. तो हलणार नव्हताच. "आमचा पडदा दोऱ्याने बांधलेला, राग बदलला की सरकवता येतो. हा ठोकून बसवलाय. ह्याचा गंधार तुम्हाला चढाच लागणार."

घरी येऊन तानपुऱ्यावर ताडून पाहिलं. खरंच चढा आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर बसतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सातवा भाग. पेटीवर इतकी वर्षं हाच गंधार वाजवत आलेय, तरी तारेवर तो जास्त बोचला. पट्टी हातात होतीच म्हणून पडदेही मोजले. नटपासून घोडीपर्यंत ६५० मिलिमीटर, पहिला पडदा साडेछत्तीसवर. उरलेल्या लांबीला दरवेळी १७.८१७ ने भागत जायचं, पुढचा पडदा मिळतो. बारा वेळा भागलं की बरोबर निम्म्यावर, ३२५ला येतो. हा हिशेब मी शाळेत मुलांना नक्की दाखवणार आहे.

२२ जून

आता अर्धा तास सलग बसता येतं. टायमर लावून एका मिनिटात किती वेळा कॉर्ड बदलते ते मोजलं. सी ते ए मायनर: पहिल्या दिवशी १४, आज ३३. जी ते सी: ११. डी ते जी: १६.

सी ते ए मायनर इतकी पटकन का सुधारली, ते बोटांकडे बघताना लक्षात आलं. तर्जनी आणि मधलं बोट जागचे हलतच नाहीत. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून उचलून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यात ठेवायची. आणि हे म्हणून बघा: पांढरी एकला सा धरला तर सी कॉर्ड म्हणजे सा ग प. ए मायनर म्हणजे ध सा ग. दोन स्वर तेच. पंचमाचा धैवत झाला, बस. तिसरी तार मोकळी असते तेव्हा तिच्यावर पंचम वाजत असतो, अनामिका तिथे टेकली की त्याच तारेचा धैवत होतो. एक बोट हललं, एक स्वर हलला.

मी हे पंधरा-वीस वेळा नुसतं करून ऐकत बसले. कॉर्ड म्हणजे पाठ करायचा आकार असं मला आत्तापर्यंत वाटत होतं. आजपासून प्रत्येक कॉर्ड धरताना तिचे स्वर तोंडाने म्हणायचे.

६ जुलै, आषाढी

मंडळाचं भजन, गिटार नाही. पण एक गोष्ट नोंदवून ठेवते. आमचं मंडळ काळी चारात गातं. घरी येऊन कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) पहिल्या पडद्यावर लावला आणि जी कॉर्डचा आकार धरला, की झाली काळी चार. काळी एक हवी तर सीचा आकार आणि कॅपो पहिल्यावर. काळी पाचला जीचा आकार, कॅपो तिसऱ्यावर. काळी दोनला सीचा आकार, कॅपो तिसऱ्यावर. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवलं.

१३ जुलै

एफ. तर्जनी आडवी, सहाही तारा पहिल्या पडद्यात एकटीने दाबायच्या (याला बार म्हणतात), वर बाकी तीन बोटं. आठवडाभर रोज दहा मिनिटं दिली, सहापैकी तीन तारा वाजतात. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "पहिल्या पडद्यावर का भांडतेयस? नटजवळ तार सगळ्यात ताठ असते. तोच आकार पाचव्यावर धर, तिथे जमला की रोज एक पडदा मागे ये." पाचव्यावर तोच आकार धरला तर ए मेजर होते. तिथे आज सहापैकी पाच तारा वाजल्या. बार धरताना तर्जनी सपाट न ठेवता किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती ठेवली की हाडाची कड लागते आणि पेरांच्या खळग्यात तार अडकत नाही.

तोवर छोटा एफ, बारीक चारच तारांचा. भजनाला तेवढा पुरतो.

२० जुलै

पेंटॅटॉनिकचा पहिला बॉक्स, म्हणजे पाचांपैकी पहिला पॅटर्न. ए मायनर पेंटॅटॉनिक, पाचव्या पडद्यापासून. प्रत्येक तारेवर दोनच स्वर: सहावीवर ५ आणि ८, पाचवी, चौथी, तिसरीवर ५ आणि ७, दुसरी आणि पहिलीवर ५ आणि ८. तर्जनी पाचव्या पडद्याची राखणदार, सातव्याला अनामिका, आठव्याला करंगळी. करंगळीला पेटीवर मी फार वापरत नाही, इथे तिला सुट्टी नाही.

दोन दिवसांत पाठ झाला. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून वर-खाली, वर-खाली. चुकत नाही. पण संगीत होत नाही. जिना चढल्या-उतरल्यासारखं वाटतं. भाचा म्हणतो मागे कॉर्ड लावून मनात येईल ते वाजव. मनात काही येतच नाही. पेटीवर बसले की बोटांच्या आधी गळा सुचवतो, इथे गळा गप्प आहे.

२७ जुलै

आज सापडलं. सविस्तर लिहिते.

सकाळी विचार केला की गळा गप्प असेल तर त्याला बोलतं करायला हवं. तानपुरा ॲप पांढरी सहाला लावलं, कारण बॉक्सचा पहिला स्वर ए. प्रत्येक स्वर वाजवायच्या आधी तोंडाने म्हणायचा, मग वाजवायचा. सा, कोमल ग, म, प, कोमल नी, सा. तीन फेऱ्या झाल्या आणि ओळख पटली. हे धानी रागाचे स्वर. मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे धानी! अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय गायक-वादकांनी ज्या ब्लूजला जन्म दिला, त्यातही हेच पाच स्वर आहेत. त्यांचा कोमल गंधार पडद्यावर थांबत नाही, तार बोटाने थोडी ढकलून ते त्याला जरा वर नेतात. कोमल आणि शुद्ध यांच्या मधली ती जागा आपल्या कानाला नवी नाही.

मग तानपुरा पांढरी एकला नेला. पडदे तेच, बोटं तीच. फक्त सा आता सहाव्या तारेच्या आठव्या पडद्यावर, करंगळीखाली. सा, रे, ग, प, ध, सा.

भूप.

माझ्या गुरुजींनी मला पहिला दिला तो राग. आठवीत होते. त्याच चौकटीत आठवडाभर मी जिना चढत-उतरत होते आणि पायाखाली भूप आहे हे कळलं नव्हतं, कारण सा कुठे आहे ते मी विचारलंच नव्हतं. सा करंगळीखाली आहे म्हटल्यावर सहाव्या तारेचा पाचवा पडदा झाला मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, धैवत. सा ध सा रे ग, हे वाजवलं आणि गळा आपोआप पुढे गेला. पंचेचाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. दूध उतू गेलं.

बॉक्समधले सगळे सा शोधून ठेवले: सहाव्या तारेवर आठवा पडदा, तिसऱ्यावर पाचवा, पहिल्यावर पुन्हा आठवा. मंद्र धैवतापासून दोन सप्तकं वरच्या सापर्यंत सगळा भूप हात न हलवता या चार पडद्यांत बसतो.

३ ऑगस्ट

एका बॉक्समध्ये दोन राग निघाले म्हटल्यावर उरलेले चार बॉक्स कसे बसतात ते बघायची घाई झाली. मूर्च्छना आपण शिकतो: भूपाचे स्वर तसेच ठेवून सा पुढच्या स्वरावर सरकवत न्यायचा, की नवा राग उभा राहतो. पेटीवर मी ते करून पाहिलं होतं. गिटारचे पाच बॉक्स म्हणजे हीच मूर्च्छना लाकडावर मांडलेली. प्रत्येक बॉक्स सहाव्या तारेवर ज्या स्वराने सुरू होतो तो सा धरला, तर:

पाचव्या पडद्यापासून, ए: धानी. आठव्यापासून, सी: भूप. दहाव्यापासून, डी: सा रे म प कोमल नी, म्हणजे मधमाद सारंग किंवा मेघ. बाराव्यापासून, ई: सा कोमल ग म कोमल ध कोमल नी, मालकंस. पंधराव्यापासून, किंवा त्याच्या सप्तकभर खाली तिसऱ्यापासून, जी: सा रे म प ध, दुर्गा.

हे लिहिताना मला खरोखर आनंद होतोय. पण एक गोष्ट स्वतःला बजावून ठेवते. राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच. भूपात गंधारावर मुक्काम, वेळ रात्रीची. देसकारात धैवत बोलतो, वेळ सकाळची. मेघ आणि मधमाद सारंग वर एकाच दमात लिहिले, गाताना ते एक नाहीत. बॉक्स फक्त स्वर कुठे आहेत ते सांगतो. कुठे थांबायचं आणि कुठून वळायचं हे त्यात लिहिलेलं नाही.

१० ऑगस्ट

दुसऱ्या तारेपाशी प्रत्येक बॉक्स एका पडद्याने सरकतो. सवय होईपर्यंत तिथेच बोट चुकतं. कारण जुळणीत आहे. बाकी लगतच्या तारांमध्ये पाच पडद्यांचं अंतर, म्हणजे सा ते शुद्ध म. फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात चार, म्हणजे सा ते शुद्ध ग. म्हणूनच गिटार पाचव्या पडद्यावर लावतात आणि एकटी दुसरी तार तिसरीच्या चौथ्या पडद्यावरून लावायची असते. उघड्या (काही तारा मोकळ्या ठेवून वाजवायच्या) कॉर्ड चार बोटांत धरता येतात त्या या तडजोडीमुळेच. कळल्यावर राग येत नाही.

७ सप्टेंबर

गणपती, गौरी, विसर्जन. बारा दिवस गिटार गवसणीत. बोटांचे घट्टे सोलून निघाले, दोन दिवस पुन्हा हुळहुळ. बॉक्स एक आणि दोन पक्के राहिले, चौथा पुसला गेला. सा म्हणत शिकलेलं टिकलं, नुसतं आकाराने पाठ केलेलं गेलं.

१४ सप्टेंबर

भूप गाताना खाली कॉर्ड कोणत्या? गाण्याच्या कुठल्याही पुस्तकात सी सा असेल तर सी, एफ, जी हे त्रिकूट दिलेलं असतं. गाऊन पाहिलं. जी आली की कानाला ठेच. जीमध्ये प नी रे, आणि निषाद भूपात नाही. एफमध्ये म, तोही नाही. ई मायनरमध्ये पुन्हा नी. डी मायनरमध्ये म. मग कागदावर मांडलं: सा रे ग प ध या पाचांतून पूर्ण मेजर किंवा मायनर कॉर्ड दोनच बनतात. सी आणि ए मायनर. तीच जोडी, जिच्यात एक बोट हलतं!

दोन कॉर्डवर आख्खं गाणं कंटाळवाणं होईल म्हणून सस कॉर्ड शोधल्या, म्हणजे कॉर्डच्या मूळ स्वराला सा धरलं तर ज्यांत गंधाराऐवजी रिषभ किंवा मध्यम असतो अशा. त्यातल्या ज्यांत पाचांबाहेरचा स्वर येत नाही त्या ठेवल्या. सी सस दोन: पाचवी तार तिसऱ्या पडद्यात, चौथी आणि तिसरी मोकळी, दुसरी आणि पहिली तिसऱ्यात. स्वर सा रे प रे प. गंधार मुद्दाम नाही. तो गळ्याने भरायचा, आणि गळ्याचा गंधार पडद्याच्या गंधारासारखा चढा नसतो. चाचांनी दाखवलेल्या दुखण्याला हा उपाय मिळाला, त्यामुळे ही कॉर्ड मला सगळ्यांत प्रिय. जी सस चार: सहावी तिसऱ्यात, पाचवी मुकी, चौथी-तिसरी मोकळी, दुसरी पहिल्या पडद्यात, पहिली तिसऱ्यात. प रे प सा प. डी सस चार आणि ए सस चारही बसतात.

भाच्याला वाजवून दाखवलं. त्याचं मत वेगळं पडलं. "मावशी, जीशिवाय परत घरी आल्यासारखं वाटत नाही." त्याचं खरं आहे, त्या निषादाची ओढ साकडे नेते. हिंदी सिनेमात रागावरच्या चालींखाली कॉर्ड रचणारे सेबॅस्टियन डिसोझांसारखे गोव्याचे अरेंजर होते, त्यांनी हे काम फार सुंदर केलंय आणि आपले कान त्यावर वाढलेत. भावगीताला मीही जी लावीन. पण आलाप करताना, तानपुऱ्यासारखं मागे काही हवं असेल तेव्हा, वर्ज्य स्वर कॉर्डमधून आत येऊ नये असं मला वाटतं. भूपात निषाद नाही म्हणून तर भूप आहे.

२१ सप्टेंबर

पलटे. सारेग, रेगप, गपध, पधसां. मेट्रोनोम ६०वरून ८४पर्यंत. ठाय आणि दुगुन (सावकाश आणि दुप्पट) दोन्ही. पहिल्या बॉक्समध्ये स्वच्छ येतात.

पण भूप पलट्यांत नसतो. पंचमावरून गंधारावर येणारी मींड (न तुटता सरकत जाणं) लागली नाही तर भूप कोरडा. पहिल्या बॉक्समध्ये मध्य सप्तकातला पंचम चौथ्या तारेवर पाचव्या पडद्यात आणि गंधार पाचव्या तारेवर सातव्यात. दोन वेगळ्या तारा! मींड कशी घेणार? दोन दिवस अडले. मग दुसरा बॉक्स उघडला: पाचव्या तारेवर ७ आणि १०. सातवर गंधार, दहावर पंचम, एकाच तारेवर. दहावर छेडायचं, बोट न उचलता सातवर ओढत आणायचं. आणि त्याच्या शेजारच्या चौथ्या तारेवरही ७ आणि १० आहेत. तिथे दहावर वरच्या सप्तकातला सा, सातवर धैवत. सांध, पग. भूपाच्या दोन्ही मींडा शेजारशेजारच्या तारांवर, त्याच दोन पडद्यांमध्ये.

तेच पाच स्वर पाच ठिकाणी कशाला शिकायचे, हा प्रश्न मला जुलैपासून होता. स्वर एकच असले तरी कोणते दोन स्वर एका तारेवर येतात ते प्रत्येक बॉक्समध्ये बदलतं, म्हणून.

ओढताना मधले पडदे किंचित ऐकू येतात, दातेरी. दाब अर्धा केला आणि शेवटी सातवर पुन्हा पूर्ण टेकवला की दाते बोथट होतात. पूर्ण जात नाहीत. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवी घेऊन तारांवर धातूची कांब फिरवत राग वाजवले, ते का, हे आता बोटांनी कळलं. कांबेला पडदे आडवे येत नाहीत.

२८ सप्टेंबर

नवरात्र. अंबाबाईच्या देवळातला संगीत महोत्सव, रोज रात्री तिकडे. सराव पहाटे वीस मिनिटं.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

गच्चीवर बिऱ्हाडं सगळी जमली होती, मंडळाच्या बायकाही. भाचा आला होता. मी गिटारवर सी सस दोन आणि ए मायनर धरून भूपातला आलाप गायले, मग भाच्याने गिटार घेतली आणि मी पेटीवर भजन. शेवटी त्याने दुसरी गिटार काढली, त्याने कॉर्ड आणि मी एकटीने दुसऱ्या बॉक्समधून वाजवलं, चारेक मिनिटं. चौथी तार उतरली होती ते दुसऱ्या मींडेला कळलं. खुंटी पिळून लावून घेतली आणि पुढे गेले. मेट्रोनोमवर जमणाऱ्या लयीच्या निम्म्या लयीत वाजवलं. पंचमावरून गंधारावर आले तेव्हा आमच्या मंडळातल्या सगळ्यांत मोठ्या काकूंनी डोळे मिटले आणि गुणगुणायला लागल्या.

ठरवलेल्यापैकी काय झालं: आठपैकी सात कॉर्ड अडखळत नाहीत, पूर्ण एफ अजून दहात सहा वेळा. बॉक्स एक, दोन आणि पाच सा म्हणत येतात. तीन हळू. चौथा पुन्हा बसवतेय.

१२ ऑक्टोबर

तारा बदलल्या. जुन्यांना दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यांपाशी खाचा पडल्या होत्या.

नवीन तारा लावताना तिसरी जुळवून झाली आणि तानपुरा ॲप अजून पांढरी पाचवर होतं, ते बंद करायचं राहिलं. सवयीने भूपाची मींड घेतली, चौथ्या तारेवर दहावरून सातवर. वेगळीच वाजली. सा आता जी होता, म्हणून सांधचं मरे झालं. पाचव्या तारेवर तीच ओढ घेतली, पगचं झालं सा आणि मंद्र ध. म रे, सा ध. दुर्गा, दाराशीच उभी. बोटांना काही नवीन शिकवायला लागलं नाही.

उद्यापासून तानपुरा पांढरी पाच.